बिनतिरफळाचा सोमवार

वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात केतकी धुरी शिरली की टोपल्यांमागच्या बायका सावरून बसत. केतकीचा डावा डोळा खोटा होता हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. पण उरलेल्या एका डोळ्याने ती बांगड्याच्या डोळ्यात अशी काही बघायची, की कालचा बांगडा आज सकाळचा म्हणून तिच्या गळ्यात मारणं आजवर कोणाला जमलं नव्हतं. नव्याने बसायला लागलेली एखादी पोर तिच्या खोट्या डोळ्याकडे टक लावून बघत राही. केतकी तिला शांतपणे सांगे, की बाय, तो नुसता शोभेला आहे, भाव हा दुसरा करतो. बाजार हसे आणि केतकी चांगले बांगडे घेऊन घरी येई.

घर आणि खानावळ एकच, बंदराच्या रस्त्यावर. साल दोन हजार शेहेचाळीस. जेट्टीवर नावाड्याशिवाय चालणाऱ्या होड्या आल्या होत्या, दुपारच्या ताटांची मागणी सकाळीच यंत्रावर येऊन पडत होती, पण लोक धुऱ्यांकडे येत ते बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत रस्सा, खायला. ते करायची केतकीची सासू, वनिताबाई. बाजार केतकीचा, तळण केतकीचं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणंही केतकीचंच. तिखल्याच्या पातेल्याला मात्र दुसऱ्या कोणाचा हात लागलेला वनिताबाईंना खपत नसे. खोबऱ्याचं वाटप रटरटलं की शेवटी त्या मूठभर सुकी तिरफळं घेत, काळ्या बिया काढून टाकत आणि साली ठेचून रश्शात सोडत. तिरफळ ज्याने खाल्लं नाही त्याला सांगायचं तर मिऱ्याहून जरा मोठं फळ, लिंबाच्या सालीचा वास आणि जिभेला झिणझिण्या. पातेलं उतरलं की पहिला चमचा केतकीचा. तिने मान हलवली की मगच ताटं वाढायला घ्यायची, हा घरचा शिरस्ता होता.

आता थोडं शास्त्र सांगायला हवं. घाबरू नका, पटकन संपेल.

आपल्या प्रत्येक पेशीत वाढीला लगाम घालणारं एक जनुक असतं आणि त्याच्या दोन प्रती असतात, स्कूटरला दोन ब्रेक असतात तशा. एक ब्रेक बिघडला तरी स्कूटर थांबते. केतकी जन्मली तीच सगळ्या पेशींत एक ब्रेक बिघडलेला घेऊन. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींचा दुसराही ब्रेक गेला, आणि दीड वर्षाच्या केतकीच्या फोटोत तिच्या आईला बुबुळात पांढरी चमक दिसली. दोन्ही डोळ्यांत कर्करोग होता. डावा डोळा काढावा लागला. उजवा किरणोपचारांनी वाचवला, आणि त्याच डोळ्याने ती पुढे शाळा शिकली, संदेश धुरीच्या प्रेमात पडली आणि बांगडे निवडायला लागली.

पण एवढ्यावर हिशेब मिटत नाही. बिघडलेला ब्रेक अंगभर शिल्लक राहतो. पुढे कधीही, तिशीत म्हणा, पन्नाशीत म्हणा, हाडात, स्नायूत, कातडीत कुठेतरी एखाद्या पेशीचा दुसरा ब्रेक निकामी होऊ शकतो. शिवाय जे किरण डोळा वाचवतात तेच आसपासच्या हाडामांसात थोडी नासधूस करून ठेवतात, त्यामुळे तिथे धोका जास्त. मोठेपणी डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हापासून केतकी स्वतःच्या शरीराची पोलीस झाली होती. पाय दुखला की इतरांना वाटतं जास्त चालणं झालं. केतकीला वाटे, आलं. न्हाणीघरात ती रोज स्वतःला चाचपून बघे आणि बाहेर येताना तोंड हसरं करून येई. मुलीला, ओवीला, ते जनुक गेलेलं नाही असं तपासणीत कळलं त्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा पोटभर रडली. स्वतःसाठी मात्र ती कधी कोणासमोर रडली नाही.

मग राखणदार पेशी आल्या. कोल्हापूरच्या केंद्रात केतकीच्या रक्तातल्या थोड्या पांढऱ्या पेशी काढल्या, त्यांना प्रयोगशाळेत शिकवून तयार केलं आणि परत तिच्या रक्तात सोडलं. त्या अंगभर हिंडत. दोन्ही ब्रेक गेलेली पेशी भेटली, की त्या एक सुगंधी द्रव्य बनवायला लागत, माणसाच्या शरीरात एरवी कधीच न बनणारं. ते रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात उतरे. रोज सकाळी बोटभर लांबीच्या एका नळीत फुंकायचं. हिरवा दिवा लागला की खुशाल कामाला लागा. तांबडा लागला की कोल्हापूर गाठा. गाठ तिळाएवढी असतानाच पत्ता लागावा, असा सगळा बेत होता.

राखणदार हे नाव वनिताबाईंना एकदम पटलं. त्यांच्या गावालाही राखणदार होता, वेस राखणारा आणि वर्षाला आपला मान घेणारा देव. त्याला वर्षाला काय ठेवायचं तेवढं डॉक्टरांना विचारून ये, असं त्यांनी सुनेला बजावलं होतं. केंद्रातल्या डॉक्टर नीरजा वानखडे मूळच्या नागपूरच्या, गंभीर चेहऱ्याच्या. त्यांनी थोडा विचार करून सांगितलं, की रोज सकाळी न चुकता एक फुंकर.

पहिल्याच आठवड्यात दिवा तांबडा लागला. संदेशने होडीच्या फेऱ्या सोडून गाडी काढली. कोल्हापूरला केतकीच्या नखशिखान्त प्रतिमा घेतल्या, काही सापडलं नाही. घरी आली, पुन्हा तांबडा. पुन्हा कोल्हापूर, पुन्हा काही नाही. केतकी वाळली. न दिसणारा शत्रू दिसणाऱ्यापेक्षा वाईट. राखणदाराला काही कमी पडलं असणार, अशी शंका वनिताबाईंनी दोनदा बोलून दाखवली.

श्रावण लागला आणि दिवा आपोआप हिरवा झाला. महिनाभर हिरवाच. गणपती गेले, खानावळीत पुन्हा बांगडे शिजले आणि दुसऱ्या दिवशी तांबडा. केतकी नळी हातात घेऊन चुलीकडे बघत राहिली. श्रावणात मासळी बंद, आणि मासळी बंद म्हणजे या घरात तिरफळंही बंद. तिने कोल्हापूरला फोन लावला. डॉक्टर वानखड्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, तिरफळ म्हणजे काय.

त्या स्वतःच वेंगुर्ल्याला आल्या. ताटावर बसल्या, नाक पुसत पुसत दोन वाट्या तिखलं संपवलं, आणि घाम टिपून त्याच नमुन्याची एक कोरी नळी पर्समधून काढून तिच्यात फुंकल्या. त्यांच्या अंगात राखणदार पेशी औषधालाही नव्हत्या. दिवा तांबडा लागला. इतकी वर्षं गंभीर राहिलेल्या बाई ताटावरच हसत सुटल्या. राखणदारांचं द्रव्य आणि तिरफळाचा वास यांत नळीला फरकच कळत नव्हता. यंत्र बनवणाऱ्यांनी लिंबू तपासलं होतं, संत्रं, मिरी, वेलची तपासली होती. किनाऱ्यावर मासळीत काय पडतं हे विचारायला त्यांच्यात किनाऱ्यावरचं माणूसच नव्हतं.

तोडगाही सोपा निघाला. तिरफळाचा वास श्वासातून एका दिवसात जातो, राखणदारांचा जात नाही, कारण ते तो बनवतच राहतात. तेव्हा सोमवारी तिरफळ खायचं नाही आणि मंगळवारी सकाळी फुंकायचं, रोजची कटकट नको. सोमवारी गिऱ्हाईक तसंही कमी असे, तेव्हा त्या दिवशी खानावळ बंद ठेवायची आणि घरातही मासळी करायची नाही असं ठरलं. डॉक्टर वानखडे डबाभर सुकी तिरफळं घेऊन परत गेल्या.

त्यानंतरचे दिवस केतकीला फार सुखाचे गेले. पंचवीस वर्षं ज्या भीतीने तिला पोखरलं होतं, तिला आता एक चविष्ट कारण मिळालं होतं. मंगळवारी हिरवा दिवा लागे आणि आठवडाभर ती गुणगुणत बांगडे तळे. मध्येच गंमत म्हणून एखाद्या बुधवारी फुंकून तांबडा दिवा गिऱ्हाइकांना दाखवी आणि म्हणे, बघा, तिखलं बरोबर जमलंय.

मग हिवाळा आला आणि पर्यटकांची रीघ लागली. सोमवारीही दारात गाड्या. दुरून आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवणं केतकीच्या जिवावर येई. एक सोमवार खानावळ उघडी राहिली, मग दुसरा, मग सगळेच. पातेलं उतरलं की चमचा तोंडात जायचाच. मंगळवारी दिवा तांबडा. केतकी नळी फळीवर ठेवी आणि म्हणे, तिरफळं.

खरं सांगायचं तर गर्दी हे निमित्त होतं. मंगळवारी फुंकर मारल्यावर दिवा लागेपर्यंत जो क्षण जाई, तो तिला सोसत नसे. हिरवा आठवडाभर सुख देई, पण त्या क्षणात तिचे हातपाय गार पडत. तिरफळाने तांबडा झालेल्या दिव्यात तो क्षणच नव्हता. लागला तांबडा, कारण माहीत, विषय संपला. माणूस सुखाला सोकावतो तशी ती या अर्धवट अज्ञानाला सोकावली. संदेशने एकदा हळूच विचारलं, तर तिने त्याला होडीचं इंजिन बघायला पिटाळलं.

वनिताबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की घरात सगळे जरा जपून वागत.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी पातेलं उतरलं आणि केतकीने पहिला चमचा तोंडात घातला. खोबरं होतं, मिरची होती, कोकमाचा आंबटपणा होता. झिणझिण्या नव्हत्या. तिने दुसरा चमचा घेतला. तिरफळ नव्हतं. जिने उभ्या जन्मात तिरफळाशिवाय बांगडा शिजवला नाही, ती बाई शेगडीकडे तोंड करून, सुनेकडे पाठ करून, स्वच्छ असलेला ओटा पुसत होती.

केतकीला सगळं त्या घडीला समजलं. सासू विसरलेली नाही. ती बघतेय, तिरफळाशिवाय दिवा काय म्हणतो ते. केतकीने नेहमीसारखी मान हलवली. ताटं वाढली गेली.

दुसऱ्या दिवशीही तिरफळ नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून काम करत, मिठाचं बोलत, मासळीच्या भावाचं बोलत, गॅसच्या नळीचं बोलत. तिरफळाचा शब्द कोणी काढला नाही. गिऱ्हाइकांनी मात्र काढला. वर्षानुवर्षं रोज येणारे म्हापसेकर मास्तर ताट अर्धं टाकून उठले आणि हात धुता धुता मोठ्याने म्हणाले, की म्हातारीचा हात गेला आता. वनिताबाईंनी ऐकलं. सगळ्या तालुक्यात त्यांच्या हाताचं नाव होतं. पोरीबाळी लग्न ठरलं की त्यांच्याकडे तिखलं शिकायला येत. त्यांनी पदर खोचला आणि पुढची वाटी भरली. केतकीचं काळीज तुटलं. एक शब्द बोलली असती तर सासूची अब्रू वाचली असती, पण तो शब्द बोलली असती तर मग दिव्याचंही बोलावं लागलं असतं. मास्तर दुसऱ्या दिवसापासून समोरच्या खानावळीत जाऊन बसायला लागले.

सकाळी सकाळी केतकी न्हाणीघरात दार लावून फुंकायची. पहिल्या दिवशी तांबडा, म्हणाली जुना वास असेल. दुसऱ्या दिवशी तांबडा. मग ती स्वतःशीही काही म्हणेनाशी झाली. शनिवारी नळी हातात घेऊन ती बाहेर आली तर न्हाणीघराच्या दारात वनिताबाई उभ्या होत्या.

“दिवो तांबडोच मा?” त्यांनी विचारलं.

“होय.”

“आठवडो झालो, मी तिरफळा घालूक नाय.”

“ठावक आसा माका. पयल्याच दिसा समाजला.”

वनिताबाईंनी मान डोलावली. हे त्यांनाही ठाऊक असावं. केतकीने विचारलं, “आये, तुमी माका सरळ सांगलात कित्या नाय?”

“सांगान तुझ्या डोक्यात शिरला नसता. दिव्याक तू फसवलंस, संदेशाक फसवलंस. जिभेक फसवक येयत नाय, म्हणान तिच्याकडना सांगलंय.” मग त्यांचा आवाज जरा उतरला. “पयल्या दिसा तू गप रवलंस, तेव्हाच माका धीर इलो. म्हटलंय, चेडवाक खरा काय ता होया आसा, फक्त एकट्यान बघूचा नाय आसा.”

पोरीला खरं हवंय, फक्त ते एकटीने बघायचं नाही, हे सासूला तिच्याआधी कळलं होतं. केतकी तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडली. वनिताबाई खाली बसायला गुडघे कुरकुरत होते तरी तिच्याजवळ बसल्या. थोड्या वेळाने त्यांनीच संदेशला हाक मारून गाडी काढायला सांगितली आणि मुलाला बजावलं, की वाटेत तिला उगाच काही विचारू नकोस, मी मागे बसते आहे.

कोल्हापूरला या वेळी आधी कुठे बघायचं ते डॉक्टर वानखड्यांना ठाऊक होतं. लहानपणी किरण जिथून गेले होते तिथे, उजव्या कानशिलाच्या हाडात, मोहरीएवढा डाग सापडला. चाळीस वर्षांपूर्वी असा डाग लिंबाएवढा होईपर्यंत कोणाला कळला नसता. आता कानशिलावर दीड बोट चीर देऊन हाडाचा तो तुकडा काढला. किरण पुन्हा द्यायचे नव्हते, तेच तर इथवर घेऊन आले होते. तपासणीत कडा स्वच्छ निघाल्या. आणखी काही करायचं नाही, फक्त बघत राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा संदेशने केतकीचा हात इतका घट्ट धरला की सलाइनची सुई हलली आणि नर्स ओरडली.

घरी आल्यावर डोक्याला पट्टी बांधलेली केतकी सगळ्यात आधी समोरच्या खानावळीत गेली. म्हापसेकर मास्तर जेवत होते. त्यांच्या टेबलाशी उभी राहून तिने सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की तिच्या सासूचा हात गेलेला नाही. तो आठवडाभर मुद्दाम बिघडवला होता, आणि म्हणून आज ती इथे उभी आहे. मास्तरांचा घास हातातच राहिला. संध्याकाळी ते वनिताबाईंकडे आले, उगाच दोन मिनिटं हवापाण्याबद्दल बोलले आणि उद्याचं ताट सांगून गेले. वनिताबाईंनी त्यांना थोडं ताटकळत ठेवलं, तेवढा त्यांचा हक्क होता.

सोमवार पुन्हा बंद झाला, आणि या वेळी तो एकट्या केतकीचा राहिला नाही. वनिताबाई रविवारी रात्रीच तिरफळांचा डबा कडीकुलपात टाकत. संदेश सोमवारी बाहेरही मासळी खाईना. कोणी आग्रह केला तर आमच्याकडे पाळतात एवढंच सांगे. कॉलेजसाठी रत्नागिरीला राहणारी ओवी तिथल्या मेसमध्ये डाळभात खाई आणि मंगळवारी पहाटे पडद्यावर हजर होई, डोळे चोळत. चहाच्या आधी सगळे स्वयंपाकघरात जमत. फुंकर मारून झाल्यावर दिवा लागेपर्यंतचा क्षण होता तेवढाच लांब होता, पण केतकीचे हातपाय आता गार पडत नसत. हिरवा लागला की वनिताबाई आधण ठेवत.

वर्षभराने तपासणीला गेल्यावर डॉक्टर वानखड्यांनी आनंदाची बातमी सांगितली. राखणदार पेशींचा नवा प्रकार आला होता. नळी नाही, फुंकर नाही. दंडात तांदळाएवढी चिप बसवायची, ती निकाल परस्पर केंद्राला कळवणार. काहीही खा, कधीही खा. अचूकपणा जुन्याएवढाच, पण सोय किती. लोक रांगा लावत होते आणि डॉक्टरांनी केतकीचं नाव स्वतःहून पुढे धरलं होतं.

केतकीने त्यांना पुन्हा विचारून घेतलं. म्हणजे घरातल्या कोणाला काही पाळावं लागणार नाही, कोणाला उठून बसावं लागणार नाही, कोणाला काही कळणारही नाही? डॉक्टर म्हणाल्या, की तेच तर त्याचं मोठेपण. तुम्हाला कोणाची गरजच लागणार नाही.

काचेच्या दारापलीकडे बाकावर वनिताबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि शेजारच्या अनोळखी बाईला काहीतरी मन लावून समजावत होत्या. संदेश उभ्या उभ्या पेंगत होता. केतकी त्यांच्याकडे बघत राहिली.

“मग माझं जुनंच राहू द्या,” ती म्हणाली. “पंचवीस वर्षं ही राखण मी एकटीने केली, डॉक्टर. आता कुठे सोबत मिळालीय.”